लोहाऱ्याची ग्रामसभा कुठे गेली?

सेवा हमी कायद्यातली अपिलं या वेळी उलगडायची, असं मागच्या लेखात ठरलं होतं. ते आज होणार नाही. लोहाऱ्याच्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाने वाट अडवली आहे. प्रश्न साधा आहे: "आमचं गाव नगरपरिषदेत गेलं. सरपंच गेला, त्याच्या जागी नगरसेवक आला, हे समजलं. पण ग्रामसभेच्या जागी काय आलं?" एका ओळीत उत्तर द्यायचं तर काहीच आलं नाही. पण ही ओळ लिहून पुढे जाता येत नाही. सरकारी कचेऱ्यांवरचा विश्वास का उडतो, या आपल्या लेखमालेच्या मूळ प्रश्नाची एक मोठी गाठ तिथेच बसलेली आहे.

2016 च्या निवडणुकीआधी यवतमाळ नगरपरिषदेची हद्द वाढली आणि लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव अशी लगतची गावं शहरात आली. दारव्हा रोडवरची एमआयडीसी, वाढत्या वसाहती आणि शहराला चिकटलेली घरं पाहता लोहारा तोवर नावापुरतंच खेडं उरलं होतं, त्यामुळे हद्दवाढीला तत्त्वतः हरकत घेण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्या सौद्यात काय दिलं नि काय घेतलं याचा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचा सभासद केलं आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा गावागावात पाठ आहेत. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी तिथे वाचली जाते. ज्याचं नाव राहिलं तो उभा राहून विचारतो, सरपंचाला सगळ्यांदेखत काहीतरी सांगावं लागतं आणि ग्रामसेवक ते इतिवृत्तात लिहितो. हे सगळं कागदावर किती सुरेख आणि प्रत्यक्षात किती लंगडं, हे ठाऊक असलेल्यांनी आताच हसू नये. सह्या घरोघर फिरून गोळा करायच्या आणि सभा वहीतच भरवायची, ही रीत जुनी आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हीसुद्धा जुनीच युक्ती. तरीही एक फरक उरतो. खोट्या सभेविरुद्ध तक्रार करता येते, कारण खरी सभा कायद्यात आहे.

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत नागरिक फार तर बसू शकतो, बोलू शकत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या खऱ्या, पण 243-एस कलमात त्या सक्तीच्या आहेत त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ शहर सव्वा लाखाच्याही आत होतं. हद्दवाढीचा हिशेब करताना लोकसंख्या धरायची ती त्या जनगणनेची, आणि सगळी गावं मिळवूनही आकडा तीन लाखांच्या खालीच राहतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या खेड्याला प्रश्न विचारायची हक्काची सभा आहे, मुंबई-नागपूरला निदान समिती आहे, आणि मधल्या जिल्ह्याच्या गावाला दोन्ही नाही. राज्याने 2009 मध्ये महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद घातली; अमुक वॉर्डात क्षेत्रसभा भरली अशी बातमी वाचायला मिळाली तर कात्रण जपून ठेवावं.

त्यात आणखी एक भानगड आहे. लोहाऱ्याचा माणूस घरपट्टी नगरपरिषदेला भरतो, पण नळाचं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, एमआयडीसीतले भूखंड महामंडळाचे, वीज महावितरणची आणि सातबारा तलाठ्याकडे. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ तहानलं, तेव्हा लोक नगरसेवकाच्या दारात गेले. ज्याला मत दिलं त्याच्या हातात पाणी नव्हतं आणि ज्याच्या हातात पाणी होतं त्याला कुणी मत दिलेलं नव्हतं. विश्वास उडतो तो अशाने. 'लोकनीती' या संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहण्यांमध्ये लष्करावरचा विश्वास सर्वात वर आणि पोलीस व राजकीय पक्ष तळाशी, हे चित्र वर्षानुवर्षं दिसतं. लोक भोळे आहेत, असा त्याचा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. लष्कराशी सामान्य माणसाचा दाखल्यापुरताही व्यवहार पडत नाही. पोलीस ठाण्याशी नि पुढाऱ्याशी पडतो. अविश्वास व्यवहारातून येतो. एकेक हेलपाटा, एकेक 'उद्या या' यांचा तो साठलेला हिशेब आहे. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कचेरीतल्या कारकुनाकडून शेतकरी कसा नागवला जातो ते मांडलं, तेही असाच हिशेब मांडत होते. तेव्हा लोकांचा विश्वास कसा वाढवावा, या विषयावरची चर्चासत्रं मला फोल वाटतात. सरकारने विश्वासार्ह व्हावं, लोकांनी खुशाल संशय घ्यावा आणि त्या संशयाला उत्तर मिळण्याची सोय कायद्यात असावी. माहितीचा अधिकार हा अशा संशयालाच दिलेला कायदेशीर दर्जा आहे.

या सोयीतला पहिला दुवा म्हणजे वेळेवर निवडणूक, आणि तो तुटला. 2016 ला निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांनी संपली आणि प्रशासक बसला. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेचंही तेच झालं. ओबीसी आरक्षणाचा 2021 चा निकाल, बांठिया आयोग, प्रभागरचनेवरून ओढाताण, ऑगस्ट 2022 चा 'जैसे थे' आदेश, अशी ही रांग लांबत गेली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, मग मुदतवाढ झाली आणि नगरपरिषदांचं मतदान डिसेंबर 2025 मध्ये झालं. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, असं 243-यू कलम सांगतं. चार वर्षांच्या या खंडाला कुणीही जबाबदार ठरलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात हे घडावं यात एक वेगळीच टोचणी आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना 1960 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून 1 मे 1962 पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज आलं. त्या समितीने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं. कारभार निवडून आलेल्यांनी करायचा, हा त्यामागचा हट्ट होता. त्यांच्याच जिल्ह्याच्या परिषदेत निवडून आलेल्यांच्या खुर्चीवर अधिकारी बसला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की प्रशासकाच्या काळात उलट कामं बरी झाली, नगरसेवकांची टक्केवारी तरी वाचली. काही ठिकाणी हे खरं असेलही. पण प्रशासक म्हणून बहुधा मुख्याधिकारीच बसतो. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि बिल काढणाराही तोच. टक्केवारी खरोखर वाचली की एकाच टेबलावर आली, हे सांगायला विरोधी बाकावर कुणी नसतं. चांगला अधिकारी मिळाला तर नशीब आणि बदली झाली तर तेही संपलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोक सभांना येतच नाहीत. खेड्यातल्या रिकाम्या ग्रामसभा पाहून असं वाटणं साहजिक आहे. त्यापुढे मी दारूबंदीचं मतदान ठेवतो. 2008 च्या आदेशानुसार गावात किंवा शहरातल्या वॉर्डात 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकायला झालेल्या मतांची बहुसंख्या पुरत नाही, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. आमदारकीलाही नसलेली ही अट आहे. घरातला विरोध, दुकानदाराची दमदाटी, बुडालेली मजुरी एवढं सगळं सोसून बाया रांगा लावतात, आणि राज्यात अनेक ठिकाणी त्यांनी बाटली आडवी केली आहे. कारण त्या मतदानाने दुकान खरोखर बंद होतं. ग्रामसभेचे ठराव पंचायत समितीच्या कपाटात जाऊन निजतात, म्हणून तिथे माणूस मजुरी पाडून जात नाही. सभा रिकामी असण्याचा दोष निम्मा तरी सभेच्या अधिकारात शोधायला हवा.

तिसरा आक्षेप बाबासाहेबांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी गावगाड्याच्या गौरवावर कठोर टीका केली आणि गावाऐवजी व्यक्ती हे घटनेचं एकक मानलं, याचं समर्थन केलं. खुल्या सभेत दांडगा बोलतो आणि दुबळा गप्प बसतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच मला जुनी ग्रामसभा जशीच्या तशी शहरात नकोय. बाटलीच्या मतदानातलं गुप्त मत, ग्रामसभेआधी होणारी वेगळी महिला सभा आणि लेखी उत्तराची सक्ती, हे तीन टेकू लावले तर दांडग्यांची सभा बरीच आवरता येते.

तर मागणी काय असावी? 1965 च्या नगरपरिषद कायद्यात लोकसंख्येची अट न घालता मोहल्ला सभा आणावी. वर्षातून चार नाही तर दोन, पण मुख्याधिकाऱ्याची हजेरी सक्तीची आणि प्राधिकरण, महावितरण यांच्या स्थानिक अभियंत्यांचीही. त्या प्रभागात वर्षभरात काय खर्च झालं ते तिथे मोठ्याने वाचावं, आणि प्रश्नाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नगरपरिषदांतली दोन सदस्यांची प्रभागपद्धत मोडावी, कारण गटाराचं विचारलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, हे 2016, 2020, 2022 असं सरकार बदललं की बदलत आलं आहे. एका मुदतीच्या मध्ये हा नियम बदलता येणार नाही, अशी आडकाठी हवी. प्रभागरचना नि तारखा पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे द्याव्यात, ही मागणी वेगळ्या लेखाची आहे, तिथे बरंच खणावं लागेल.

लोहाऱ्याच्या वाचकाला तोवर करण्याजोगं एक काम सांगतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार नगरपरिषदेने न मागता जाहीर करायच्या माहितीत अंदाजपत्रक आणि खर्चाचा तपशील येतो. आपल्या प्रभागाचा खर्च त्यात वेगळा दिलेला नसेल तर दहा रुपयांचा अर्ज करावा आणि तीस दिवस मोजावेत. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करावं लागतं, आणि सेवा हमी कायद्यातलं अपील त्याहून कसं निराळं, ते आता पुढच्या आठवड्यात पाहू.