साखरेची अटेंडन्स

इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना एक प्रश्न. प्रोसेस चोवीस तास चालू आहे आणि तुम्ही तीन महिन्यांतून एकदा, सकाळी सात वाजता, एकच रीडिंग घेताय. तेवढ्यावरून प्रोसेस कंट्रोलमध्ये आहे असं लिहून द्याल? व्हायवात सरांनी बाहेरच काढलं असतं. पण डायबिटीसचं आपल्या घरोघरी नेमकं असंच चालतं. उपाशीपोटी शुगर ११० आली की सगळे खूश, पेढे वाटायचे तेवढे बाकी!

आमचे बाबा यातले एक्स्पर्ट. नोकरी एसटीत कंडक्टरची, डायबिटीस बारा वर्षांचा. रक्त द्यायच्या आधी चार दिवस चहा बिनसाखरेचा, भात बंद, रात्रीचं जेवण सातला. रिपोर्ट हातात पडला की संध्याकाळी भजी. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी फास्टिंगसोबत एचबीएवनसीही लिहून दिली. फास्टिंग ११२, एचबीएवनसी ८.६ टक्के. बाबा म्हणाले, "लॅबवाल्यानं घोळ घातलाय."

घोळ काही नव्हता. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि पेशी मरेपर्यंत तिथेच राहते. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. म्हणजे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय हे मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आपल्या भाषेत मूव्हिंग ॲव्हरेज, तोही वेटेड, कारण शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. डायबिटीसच्या पेशंटांमधलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना सापडलं. आता ८.६ ला २८.७ नं गुणा आणि ४६.७ वजा करा, उत्तर येतं २००. बाबांची सरासरी शुगर होती २००, आणि रिपोर्टवर दिसत होती ११२. फास्टिंग म्हणजे रात्रभर घोकून दिलेली टेस्ट. एचबीएवनसी म्हणजे अटेंडन्स. तिथे प्रॉक्सी चालत नाही.

तरी सरासरी ती सरासरीच. एकाची शुगर १४० ते १६० मध्ये फिरते, दुसऱ्याची ६० ते २४० उड्या मारते, दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून घरी ग्लुकोमीटर लागतो, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याला. (तुमच्या विंगमध्ये असा कोणी असेल, घाम सुटून थरथरायला लागला आणि मीटर ७० च्या खाली दाखवत असेल, तर शुद्धीत असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.) मीटरलाही एरर असतोच. १०० च्या वर ±१५ टक्के स्टँडर्डलाच मान्य आहे. त्यात आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं, तर आंब्याचीच साखर मोजली जाते. ॲनिमिया असेल तर एचबीएवनसीसुद्धा फसवते, तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे तेही बघावं लागतं.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी पायांची. बाबांच्या टाचेला बुटाचा खिळा लागून जखम झाली होती, आठ दिवस पत्ताच नाही. मोजा लाल झालेला आईला धुताना दिसला. नसा बधिर झाल्या की दुखतच नाही, आणि न दुखणारी जखम चिघळून पाय कापायची वेळ येऊ शकते. डॉक्टरांनी तपासलं ते आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सनं! नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्यावर टेकवून दाबायचा. तो १० ग्रॅम भाराला वाकतो, म्हणजे बकल होतो. त्यामुळे डॉक्टरांनी जोर जास्त लावला तरी पायावर भार तेवढाच. डोळे मिटलेल्या पेशंटनं लागलं की सांगायचं. मग अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. बाबांना उजव्या पायाला तीन ठिकाणी धागा कळला नाही. "लागला, लागला" म्हणत होते, धागा टेकवलेला नसतानाही.

याशिवाय वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन. किडनीसाठी नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये, ते बऱ्याचदा उशिरा वाढतं. बीपी तर दर भेटीला. हे सगळं कशाला? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. एका गटाची एचबीएवनसी ७.९, दुसऱ्याची ७.०. एवढ्याशा फरकानं दहा वर्षांत डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

आता आईच्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आहेत: शुगर, बीपी, पाय. पायाच्या रकान्यात रोज रात्री आरशात तळवा बघून टिक करायची. पुढची एचबीएवनसी आमच्या सबमिशनच्या आठवड्यात आहे. बाबांनी चार दिवस आधीचा बिनसाखरेचा चहा रद्द केलाय. म्हणतात, "आता त्याचा उपयोग काय?"