बांधावरचा साग आणि मोबाइलवरची टीपी

नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा मागे पडलं की पुढे पिंपळखुटीचा तपासणी नाका लागतो. त्यानंतर पैनगंगा, आणि नदी ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. सागवान भरलेला ट्रक या रस्त्याला लागला, तर चालकाजवळ गाडीच्या कागदांखेरीज आणखी एक कागद असावाच लागतो: वनविभागाचा वाहतूक परवाना. आगारात, आरागिरणीवर, नाक्यावर त्याला सगळे ‘टीपी’च म्हणतात. टीपी नसेल, तर स्वतःच्या शेतात, स्वतःच्या आजोबांनी राखलेल्या सागाचं लाकूडही संशयित ठरतं.

हे कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, कायद्यातच आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या कलम ६९ नुसार वनउपज सरकारची आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच मानायची. कलम ४१ ने वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, कलम ५२ ने जप्तीचा. मालाबरोबर गाडीही जाते. पुरावा देण्याचं ओझं असं कायम मालकाच्या डोक्यावर. म्हणूनच यवतमाळच्या लाकूड व्यवसायात कागद सांभाळण्याला इतकं महत्त्व आलं.

या व्यवसायाचा मोठा भाग ‘मालकी’चा, म्हणजे खासगी जमिनीवरच्या झाडांचा. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या भागांत साग जंगलाची हद्द पाळत नाही. तो बांधावर उगवतो, पडीत वाढतो, नाल्याच्या काठाने शेतात शिरतो. कोलाम आणि गोंड कुटुंबांसाठी तो अडीअडचणीचा पैसा आहे: मुलीचं लग्न, दवाखाना, कापूस हातचा गेलेलं वर्ष. झाड विकायचं ठरलं की ठेकेदार येतो. मजूर आणणं, कटाई, ओढाई, ट्रॅक्टर, आगारापर्यंतची वाहतूक ही सगळी सेवा तो देतो, आणि त्यात मेहनत आहेच. पण त्याचं खरं भांडवल म्हणजे त्याला कागदांची वाट ठाऊक असते. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, ते तो जाणतो. शेतकरी जाणत नाही.

ती वाट लांबच आहे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी. झाड हद्दीलगत असेल तर ते नेमकं आपल्याच गटात आहे हे मोजणीने ठरायला हवं, कारण शेजारी बहुधा राखीव जंगल असतं. साग तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली परवानगी लागते. मालक अनुसूचित जमातीचा असेल तर १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. आदिवासींची झाडं मातीमोल भावात कुणी उचलू नयेत, म्हणून तो कायदा झाला. हेतू चांगला होता. मात्र प्रत्येक संरक्षणासोबत एक टेबल वाढलं, आणि प्रत्येक टेबलासोबत ठेकेदाराची गरज.

मग वनरक्षक शेतात येतो. झाडांवर नंबर पडतात. लोखंडी हातोडा, ज्याला सगळे हॅमरच म्हणतात, बुंध्यावर बसतो आणि त्याच्या तोंडावरचं चिन्ह लाकडात उमटतं. कटाईनंतर खाली राहिलेला खुंट आणि पडलेलं लाकूड यांचा मेळ या खुणांवरून आणि नंबरांवरून घातला जातो. खूण खोटी केली किंवा पुसली, तर कलम ६३ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. वनखात्यातलं हे साधन जुनं आणि साधं असलं तरी त्याने सांगितलेली गोष्ट पक्की असते: हे लाकूड या खुंटाचं आहे.

त्यानंतर येते मोजणी, आणि पैशाचं सगळं गणित इथेच ठरतं. लाकडाच्या मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घेतात आणि लांबी मोजतात. गोलाईचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं. १२० सेंटिमीटर गोलाईचं तीन मीटर लाकूड घेतलं, तर चौथा हिस्सा ०.३० मीटर, वर्ग ०.०९, आणि माप ०.२७ घनमीटर. भूमितीच्या हिशेबाने त्याच गोल लाकडाचं घनफळ ०.३४ च्या आसपास भरतं. साल आणि चिराईतली घट धरून हे सूत्र जाणूनबुजून कमी माप देतं. व्यापारात ते मान्य आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती टेप दोन बोटं अलीकडे-पलीकडे सरकली तर. गोलाई १२० ऐवजी ११० लिहिली, की ०.२७ चं माप ०.२३ च्याही खाली येतं. पाच-पंचवीस लाकडांवर ही तूट किती होते, ते कुणाही मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर सांगेल. फक्त आकडे मालकाच्या हाती असायला हवेत.

संगणक या वाटेवर मागच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि एका उताऱ्यासाठी तलाठ्याला गाठण्याची गरज कमी झाली. भूमी अभिलेख विभाग उपग्रहाच्या आधारे चालणारे रोव्हर वापरून जमिनीची मोजणी करू लागला. २९ डिसेंबर २०२३ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशभरासाठी एकच वाहतूक-परवाना प्रणाली सुरू केली, तेव्हा तिच्यात २५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश होते. इथे अर्ज मोबाइलवर करता येतो. परवान्यावर क्यूआर कोड असतो, नाक्यावर तो स्कॅन केला की माल कुठून निघाला आणि कुठे चालला ते दिसतं. ज्या झाडांना परवान्यातून सूट आहे, त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र अर्जदाराला स्वतःच काढता येतं.

या प्रणालीची पहिली चाचणी २०२० मध्ये मध्य प्रदेश आणि तेलंगणात झाली होती. म्हणजे एक प्रयोग पैनगंगेच्या पलीकडच्या काठावरच चालला होता. यवतमाळसारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला त्याचं मोल लवकर कळावं. एरवी राज्य बदललं की नियम बदलतात, नवा परवाना लागतो, ट्रक उभा राहतो, भाडं चढतं; आणि हा सगळा खर्च शेवटी शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातूनच वळता होतो.

तरीही परवाना स्क्रीनवर आला म्हणजे काम झालं, असं मानणं घाईचं ठरेल. ब्राझीलने २००६ मध्येच लाकडाच्या वाहतुकीचा दाखला कागदावरून संगणकावर नेला. तिथल्या ॲमेझॉनमधल्या इपे या महागड्या लाकडाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळलं की तोडीपूर्वीच्या यादीतच झाडांचं घनफळ फुगवून लिहिलेलं असतं. कागदावर अशी शिल्लक तयार झाली की तिच्या आडून दुसरीकडचं चोरीचं लाकूड रीतसर दाखल्यावर निघू शकतं. संगणक चोख होता, खोटं झाडापाशी लिहिलं गेलं होतं. आपल्याकडेही क्यूआर कोड तेवढाच खरा असेल, जेवढा वनरक्षकाच्या टेपचा आकडा खरा असेल.

परवाना कुणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर टीपी वनखात्याचीच हवी, असा पेच उरला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झालं. तिथे यंत्र कुठलंच नव्हतं. तरीही त्या एका पुस्तकाने गावाला विक्रेता बनवलं. पुढे वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी गौण वनउपजाच्या परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला.

यवतमाळच्या मालकी सागाच्या बाबतीत अजून तेवढं करायचं बाकी आहे. अर्जदार म्हणून मोबाइल नंबर ठेकेदाराचा टाकला गेला, तर नवी प्रणाली त्याचंच काम हलकं करेल. त्यात वाईट काही नाही. कटाई-वाहतुकीची सेवा झटपट झाली तर मजुरालाही लवकर पैसे मिळतील. पण सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे, त्याचा नंबर त्या अर्जात सक्तीचा असावा. नंबर पडले, झाड तुटलं, माप झालं, टीपी निघाली, माल विकला गेला, असा प्रत्येक टप्प्यावर त्याला मराठीत संदेश जावा. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरासाठी आवाजातला निरोप असावा. आणि मोजणीच्या दिवशी प्रत्येक लाकडाचा क्रमांक, लांबी, गोलाई, घनमीटर ही ओळ त्याच्यासमोर वाचून, त्याच्या फोनवर पाठवून मगच ट्रॅक्टर हलावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.