लाल रंग काळा पडायचा तेव्हा

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव हे नात्यातले भाऊ मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. राजवाडा म्हणा, अरण्य म्हणा, सारं झगझगीत. सिनेमात उतरल्यावर मात्र ही कमाई फारशी कामाची नव्हती. मूकपटांच्या काळातल्या बहुतेक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू काळं यायचं, निळं आभाळ पांढरंफटक. भिंतीला रंग द्यायचा तो डोळ्याला सुखावतो म्हणून नव्हे, फिल्मवर किती काळा-पांढरा उतरेल हे पाहून. सपाट पडदे सोडून बाबूराव भरीव सेटकडे वळले, त्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं. रंगाची साथ नसेल तर खोली आणि सावली यांवरच भिस्त.

त्यांच्या तालमीतले फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक झाले. १९२९ साली निघालेल्या या कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायचं धाडस केलं आणि त्यासाठी दिग्दर्शक व्ही. शांताराम जर्मनीला गेले. पद्धत होती दोनरंगी, बायपॅक. दोन फिल्मी तोंडाला तोंड लावल्यासारख्या एकत्र धावत. पुढची निळा-हिरवा प्रकाश टिपे, मागची तांबडा. मग प्रतीच्या दोन्ही अंगांना एकेक रंग चढवायचा. यात निखळ पिवळा निघायचा नाही, पानांचा खरा हिरवाही नाही. म्हणजे हळदीचा शालू कितीही उत्तम विणा, पडद्यावर तो भलताच दिसणार. व्हायचं तेच झालं: रंग मनासारखे उतरले नाहीत आणि ‘प्रभात’ पुन्हा कृष्णधवलाकडे वळली.

शांतारामांनी त्याची भरपाई १९५५ साली, स्वतःच्या ‘राजकमल’मध्ये केली. ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला, कलादिग्दर्शन कनु देसाईंचं. नाचाच्या प्रसंगांत रंग असे उधळलेत की पाहणाऱ्याचा जीव गुदमरावा. तो अतिरेक मला खटकतो, पण उपाशी माणूस पंगतीत बसल्यावर दुसरं काय करणार!

उलटी वाट ‘तुंबाड’ची. २०१८ सालच्या या चित्रपटात राही बर्वे यांनी सगळं करड्या पावसात बुडवलं आणि लाल रंग राखून ठेवला तो हस्तर हा लोभी देव जिथे राहतो त्या देवीच्या गर्भासाठी. कलादिग्दर्शन नितीन झिहानी चौधरी आणि राकेश यादव यांचं. कर्नाटकातल्या जोयड्यात आषाढाची झड लागली की हिरवं रानही असंच करडं दिसतं, पण ते रंगाच्या डब्यातून आणता येत नाही. त्याला आभाळच भरून यावं लागतं. म्हणूनच ‘तुंबाड’चं चित्रीकरण एका पावसाळ्यात आटोपलं नाही.