दंतोपचाराची भीती आणि शामक पद्धती

प्रस्तुत लेखात दंतोपचाराच्या भीतीवरील शामक पद्धतींचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. बधिरतेचे इंजेक्शन वेदना थांबवते. भीती मात्र कायम राहते. ती शमविण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत.

१) नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन : हे मिश्रण नाकावरील मास्कमधून दिले जाते. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये स्वतःचा दात काढवून घेताना हा वायू हुंगला होता. परिणाम काही मिनिटांत होतो व वायू थांबविल्यावर लवकर ओसरतो.

२) तोंडावाटे औषध : उपचारापूर्वी डायझेपामसारखी गोळी देतात. पद्धत सोपी आहे. परंतु मात्रा ऐनवेळी कमी करता येत नाही आणि रुग्णासोबत जबाबदार व्यक्ती लागते.

३) शिरेवाटे मिडाझोलाम : परिणाम जलद होतो, मात्र श्वसन मंदावण्याचा धोका असल्याने प्रशिक्षित चिकित्सक व ऑक्सिजनची पातळी मोजणारे उपकरण अनिवार्य होय.

आपल्या जिल्ह्यात खर्रा खाण्याचे व्यसन सर्वपरिचित आहे. त्यातील सुपारीमुळे सबम्यूकस फायब्रोसिस होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. ही कर्करोगपूर्व अवस्था असून अशा रुग्णास गुंगी देताना श्वासमार्ग सांभाळणेही अवघड जाते. म्हणजेच भीतीपोटी उपचार टाळणाऱ्या अशा रुग्णासाठी भीतीवरचे उपायही दुष्कर होत जातात. विद्यार्थ्याचे तोंड पुरेसे उघडत नसल्याचे वर्गात प्राध्यापकांच्या लक्षात येऊ शकते. त्यास केवळ धीर देण्यापेक्षा, ‘भीती वाटते हेच दंतवैद्यास प्रथम सांग’ असे सुचविणे अधिक उपयुक्त ठरेल.