नवरंग वसंतात येत नाही

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी शेजारच्या काकू भल्या पहाटे हाका मारत आल्या. त्यांच्या पडवीत, रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटखाली, भिंतीला टेकून एक पक्षी बसला होता. मैनेपेक्षा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, छाती बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, खांद्यावर चमकदार निळा ठिपका आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग. "फॉरेनचा दिसतोय, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असणार," काकूंचा मुलगा म्हणाला. काकूंच्या मनात वेगळीच धास्ती होती. रानातलं पाखरू आपणहून घरात शिरलं, हे काही वाईट लक्षण तर नव्हे ना?

तो नवरंग होता. कोकणातच अंडी घालणारा, कोकणातच पिल्लं वाढवणारा पक्षी. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. प्रवास रात्रीचा. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा हा जीव अंधारात उडत येतो, वाटेत दिव्यांच्या झगमगाटाने गोंधळतो, काचेवर आपटतो किंवा थकून मिळेल तिथे उतरतो. म्हणून दरवर्षी मे-जूनमध्ये मुंबईपासून कोकणभर कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत, पडवीत, जिन्यात नवरंग सापडतो. यात शुभ-अशुभ काही नाही. दमलेला पाहुणा चुकून आपल्या दारात उतरला, इतकंच.

या पक्ष्याबद्दल इतके गैरसमज आहेत, कारण पक्ष्यांचं वर्ष आपण पुस्तकातून शिकलो. वसंत आला की पाखरं परततात, हे चित्र थंड प्रदेशांचं आहे. तिथे बर्फ वितळतं, किडे निघतात आणि पक्षी घरटी करायला माघारी येतात. कोकणात गणित उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्याकडे वटवटे, धोबी, माशीमार येतात आणि मोहोर गळून कैऱ्या भरू लागल्या की निघायची तयारी करतात. कुंपणाच्या झुडपात दिवसभर 'चक् चक्' करणारा ब्लिथचा वटवट्या वजनाने दहा-बारा ग्रॅमचा असतो, पण तो वीण करतो ते फिनलंड, रशिया, मध्य आशियाच्या पट्ट्यात. पळस-पांगाऱ्यावर थव्याने उतरणाऱ्या गुलाबी भोरड्याही एप्रिलपर्यंत गेलेल्या असतात. आपला वसंत हा पाहुण्यांच्या निरोपाचा काळ आहे.

"मग कोकिळा?" असं कुणीतरी विचारतंच. कोकीळ बारमाही इथेच असतो. हिवाळ्यात तो गप्प असतो, म्हणून दिसत नाही आणि विणीच्या हंगामात ओरडू लागला की तो आला असं आपल्याला वाटतं. आणि 'कुहू' म्हणतो तो नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज तसा गोड नाही.

आपल्याकडे येण्याचा खरा हंगाम मिरगाच्या आगेमागे. नवरंग दक्षिणेकडून येतो. पऱ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून राहणारा चिमुकला तिबोटी खंड्या त्याच सुमाराला दिसू लागतो. चातक आफ्रिकेहून येतो. (चातक फक्त पावसाचे थेंब पितो, हीही गोष्टच. त्याचं मुख्य खाणं केसाळ सुरवंट, आणि अंडी तो सातभाईंच्या घरट्यात घालतो.) म्हणजे स्थलांतरित पक्षी म्हटलं की सायबेरियाच आठवायचं कारण नाही.

नवरंगाची दोन स्वरांची खणखणीत शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकू येते. आभाळ भरून आलं असेल तर दिवसभर. तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताची चिमणी' अशा अर्थाचं नाव आहे, ते याच सवयीवरून. शास्त्राच्या काटेकोर वर्गवारीत तो खऱ्या गायक पक्ष्यांत बसत नाही. पण जूनच्या ओल्या पहाटे ती शीळ ऐकलेल्या माणसाला ही वर्गवारी पटवणं अवघड आहे.

आता मला सगळ्यात जास्त सलणारा गैरसमज. "रत्नागिरीत कुठे जंगल कमी झालंय? जिकडे बघाल तिकडे हिरवंच तर आहे."

हिरवं आहे, हे खरं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आकडेवारीत जिल्ह्याच्या 8,208 चौरस किलोमीटरपैकी निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो. पण त्यांची व्याख्या पाहा. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर निदान 10 टक्के झाडांची सावली, की ती वनाच्छादनात धरली जाते. मालक कोण, झाड कुठलं, याचा विचार त्यात नाही. त्यामुळे हापूसची बागही वनाच्छादन, काजूची बागही वनाच्छादन. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात. नवरंग जगतो शेंड्याखाली, जमिनीवर.

त्याला जेवताना एकदा निवांत बघावं. रानात पातेऱ्यात टुणटुण उड्या मारत तो एकेक पान चोचीने उलटतो, क्षणभर थांबतो, मान तिरकी करतो आणि खालून गांडूळ किंवा अळी ओढून काढतो. शेपटीचा बुंधा सारखा वरखाली हलत असतो. त्याचं घरटंही सुक्या पानांचं आणि मुळांचंच. जमिनीवर किंवा थोड्या उंचीवरच्या फांदीत फुटबॉलएवढा गोळा, बाजूला दार. पातेरा नसेल तर त्याला खाणंही नाही आणि घरही नाही.

जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं. बहुतेक रान मालकीचं, आणि मालकाला पैसा हवा तेव्हा किंजळ, ऐन, जांभूळ ठेक्याने तोडले जातात. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि डोंगरउतारांवर आंबा-काजू चढला. त्याने कोकणातल्या घरांना चार पैसे मिळाले, माझ्या घरालाही, म्हणून बागांना मी शत्रू म्हणणार नाही. पण बाग आणि रान एक नव्हे. बाग बेणली जाते, पातेरा गोळा करून जाळला जातो, तणनाशक मारलं जातं आणि ऐन पावसात, घरट्यात पिल्लं असताना, ग्रासकटर फिरतो.

आगीचं म्हणाल तर जुन्या भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याला, मी सरसकट दोष देणार नाही. तरव्यापुरता राब जळायचा आणि आग बांधाच्या आत राहायची. आजचे वणवे सड्यावरून सुटतात आणि रानाच्या पोटात शिरतात. नवरंग पोचतो तेव्हा तिथे काळी जमीन असते. त्यात महामार्ग रुंद झाला, डोंगर कापले गेले आणि रानांचे तुकडे पडले.

"एक रान गेलं तर पाखरं दुसरीकडे जातील, त्यांना पंख आहेत," हेही ऐकतो. पायात कडं अडकवून केलेल्या अभ्यासांत अनेक स्थलांतरित पक्षी वर्षानुवर्षं त्याच जागी परतताना आढळले आहेत. शेकडो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यापुढे विणीसाठी दोन-तीन महिनेच असतात आणि शेजारचं रान रिकामं नसतं, तिथे आधीच दुसऱ्या जोड्या हद्द धरून असतात. दाणापाणी ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण नवरंग तांदळाचा दाणा खात नाही.

आशेची जागा देवराई आहे. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, या देवाच्या धाकाने शेकडो वर्षांचा पातेरा शाबूत राहिला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली तिथे झाडं तोडून पेव्हर ब्लॉक घालतात, ते आपणच थांबवायला हवं. संगमेश्वर तालुक्यात पुण्याची अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था मालकांशी करार करून, मोबदला देऊन खासगी रानं राखते आहे. मालकाला रान ठेवणं परवडलं तर रान राहतं, हे तिथे दिसतं.

काकूंच्या पडवीतल्या नवरंगाला आम्ही भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवलं. पाणी पाजलं नाही, काही भरवलं नाही. दोन-अडीच तासांनी खोकं मागच्या रानाच्या कडेला उघडलं, तो दोन उड्या मारून करवंदीच्या जाळीत शिरला. तुमच्याकडे सापडला तर हेच करा. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पिंजऱ्यात ठेवू नका, तो गुन्हा आहे. मे-जूनमध्ये रात्री अंगणातला दिवा मालवा. आणि बागेच्या कडेचा एक पट्टा, परसातला एक कोपरा, दसऱ्यापर्यंत बेणू नका आणि तिथला पातेरा जाळू नका.