तोळाभर गोळीचे मोल

सराफाच्या काट्यावर एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. हे ग्रेनचे माप सराफकट्ट्यावरून केव्हाच हद्दपार झाले; परंतु बंदुकीच्या व्यवहारात ते अद्याप टिकून आहे. गोळीचे वजन आजही ग्रेनमध्येच सांगतात, आणि सांबरासारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परदेशांत जी गोळी विशेष प्रचारात आहे, ती नेमकी १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची असते. सोन्याच्या तोळ्याचा भाव वर्तमानपत्रांत रोज छापून येतो. शिशा-तांब्याच्या या तोळ्याचा भाव कोणी छापत नाही. पण गेल्या काही वर्षांत तोही इतका चढला आहे की, अमेरिका-युरोपातील शिकारी आता काडतुसे मोजून वापरू लागले आहेत. हा भाव का चढला, आणि भाव व मोल या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

बडोदेकरांना तर या प्रश्नाची पार्श्वभूमी घराजवळच सापडेल. शहराच्या दक्षिणेस मांजलपूर आहे. आज तेथे दाट वस्ती आहे, शाळा आहेत, आणि पुढे मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. ज्या मकरपुऱ्याच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, तेथे खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास राजवाडा बांधविला. खंडेरावांना शिकारीचा मोठा षोक. त्या काळी या बाजूच्या माळरानावर काळविटांचे कळप चरत असत आणि त्यांच्यावर माणसाळविलेले चित्ते सोडीत. १८७५ साली इंग्लंडचे युवराज एडवर्ड बडोद्यास आले, तेव्हा त्यांनाही चित्त्यांची शिकार दाखविण्यात आली. कोल्हापुरासही चित्ते पाळून अशीच शिकार करण्याची प्रथा होती. या शिकारीत दारू-गोळीचा खर्चच नव्हता. ज्या बडोद्यात तोफा चांदीच्या आणि सोन्याच्या ओतल्या गेल्या, त्याच बडोद्यात शिकार मात्र पुष्कळदा एकही बार न उडविता होत असे!

पुढे बंदूक सुधारली आणि चित्त्याचे काम गोळीकडे आले. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरीत, वर शिशाची गोळी ठासून बसवीत. शिसे मऊ, स्वस्त आणि घरच्या चुलीवरही वितळणारे. गोळीचा वेग बेताचा असल्यामुळे ते पुरेही पडे. १८८० नंतर धूर न करणारी नवी दारू निघाली आणि सगळा हिशेबच बदलला. या दारूच्या जोराने गोळी इतक्या वेगाने जाऊ लागली की, मऊ शिसे नळीच्या आट्यांतच खरवडून निघू लागले. त्यावर उपाय म्हणून शिशाला कठीण धातूचे कवच चढविण्यात आले. पण एक दोष घालवावा तो दुसरा उभा राहिला. कवचबंद गोळी शरीरातून सुईसारखी आरपार निघून जाई आणि घायाळ प्राणी तसाच पळत राही.

या अडचणीवरचा एक प्रसिद्ध उपाय आपल्याच देशात निघाला. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. अशी गोळी लक्ष्यावर आदळताच फुलासारखी उमलते आणि आपला सगळा जोर तेथेच खर्च करते. ‘डमडम’ हे नाव त्यामुळे जगभर कुप्रसिद्ध झाले. १८९९ च्या हेग येथील परिषदेत युद्धात अशा गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा काढण्यात आला. शिकारीत मात्र हीच गोळी योग्य ठरली. वरवर पाहता यात विसंगती दिसते. पण ती खरी नव्हे. युद्धात शत्रू निकामी झाला की कार्य साधते, त्याला अधिक यातना देणे अमानुष. शिकारीत जनावर जखमी होऊन सुटणे हेच अमानुष. त्याला तत्काळ मरण येणे हीच काय ती दया.

उंची गोळीचा सारा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो. गोळी उमलली पाहिजे, पण फुटून तिचे तुकडे होता कामा नयेत. आत खोल गेली पाहिजे, पण सुईसारखी आरपार जाता कामा नये. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर हे अमेरिकन गृहस्थ कॅनडात मूस या प्रचंड सांबराच्या शिकारीस गेले होते. त्यांच्या गोळ्या जनावराच्या जाड कातड्यावर व चिखलाच्या थरावर फुटून गेल्या आणि मूस पडेना. त्यांनी मग गोळीच्या पोटात आडवा पडदा ठेवला. पुढचा भाग उमलतो, पडद्यामागचा भाग अखंड राहून आत शिरतो. १९४८ पासून ही गोळी बाजारात आली. त्यापुढची पायरी १९८९ ची. त्या वर्षी अमेरिकेतील बार्न्स कंपनीने शिशाला पूर्ण फाटा देऊन नुसत्या तांब्याची गोळी विक्रीस आणली. तिच्या टोकाशी पोकळी असते. आदळताच तिच्या चार पाकळ्या मागे वळतात आणि तुकडा सहसा एकही गळत नाही.

मऊ शिसे साच्यात ओतणे निराळे आणि तांब्याच्या कांबीतून केसाइतक्याही फरकाविना हजारो गोळ्या घडविणे निराळे. लेथवर काम केलेल्या मकरपुऱ्याच्या कोणाही कारागिराला हा फरक सांगावा लागणार नाही. चांगल्या बनावटीच्या काडतुसांना साध्या काडतुसांच्या दुप्पट-तिप्पट दाम पडतात, ते मुख्यत्वे या घडणावळीमुळे.

पण अलीकडची वाढ केवळ घडणावळीची नाही. काडतूस म्हणजे चार वस्तूंची गाठ: पुढे गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. या चारही वस्तूंना महागाईने गाठले. पितळ म्हणजे तांबे व जस्त. विजेच्या मोटारी, तारा आणि यंत्रे यांची तांब्याची भूक वाढत गेली आणि मे २०२४ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याने टनाला ११,००० डॉलरची मर्यादा ओलांडली. शिशाला कठीणपणा आणणारा अँटिमनी हा धातू मुख्यतः चीनमधून येतो; त्याच्या निर्यातीवर चीनने सप्टेंबर २०२४ पासून परवान्याचे बंधन घातले. दारूची कथा तर आणखी मनोरंजक आहे. बिनधुराच्या दारूचा पाया म्हणजे कापूस! सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणात बुडवून ती तयार होते. भडोच-बडोद्याच्या काळ्या मातीत जो कापूस पिकतो, त्याच जातीच्या तंतूंचे हे दुसरे रूप. २०२० च्या महामारीत अमेरिकेत लोकांनी घाबरून काडतुसांचे साठे केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोपातील कारखान्यांची दारू प्रथम तोफांकडे वळली. शिकाऱ्याच्या वाट्याला जे उरले, ते महाग झाले.

इतके दाम मोजून मिळते काय? याचे उत्तर कुमाऊँच्या डोंगरात सापडते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने नेपाळात व कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली, असे जिम कॉर्बेट यांनी नोंदविले आहे. १९०७ साली त्यांनी तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. एक अर्धा, दुसरा थेट हाडापर्यंत. ती एका जुन्या गोळीची खूण होती. सुळे गेल्यामुळे तिला रानातील नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष. कोणा अनामिक शिकाऱ्याने झाडलेली ती गोळी बाजारात काही पैशांची असेल. पण तिची किंमत चुकविली ती शिकाऱ्याने नव्हे, तर रानात गवत आणि लाकूडफाटा आणावयास गेलेल्या गरीब बायाबापड्यांनी.

स्वस्त गोळीचे दुसरे देणे विषाचे. शिशाची गोळी शरीरात फुटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. शिकारी आतडी व टाकाऊ भाग रानात सोडून जातो आणि गिधाडे ते खातात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडोर हे महाकाय गिधाड १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते; त्यांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण शिशाची विषबाधा हे ठरले. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. डेन्मार्कने २०२४ मध्ये तेच पाऊल उचलले. भारतातील गिधाडे प्रामुख्याने डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे नष्ट झाली, हे खरे. पण मेलेल्या जनावरात माणसाने काय मागे ठेवले याचा जाब गिधाडांनाच द्यावा लागतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

भारतात या प्रश्नाला निराळेच वळण मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाची शिकार संपली. शेतीची नासधूस करणारे रानडुक्कर किंवा रोही यांच्याबाबत कायद्याच्या ११ व्या कलमाखाली अटी घालून परवानगी देता येते, एवढीच वाट उरली. परवानाधारकांना देशी काडतुसांवर भागवावे लागते. त्यांपैकी बरीचशी पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात; १८६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे पुंगळीच्या बुडावर उमटलेली दिसतात. जुन्या संस्थानिकांच्या घरांतील कित्येक मोठ्या विलायती रायफली मात्र आज मुक्या आहेत. त्यांना लागणारी काडतुसे ज्या बर्मिंगहॅमच्या कायनॉक कारखान्यातून येत, तेथे अशी उत्पादने बंद झाल्यालाही अर्धशतक उलटले.

अखेर भाव आणि मोल यांचा हिशेब मांडावयाचा, तर मकरपुऱ्याच्या माळावर धावणाऱ्या त्या चित्त्याकडेच वळावे लागेल. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. नोंद सांगते की गोळ्या दोनच लागल्या; दुसरी गोळी एका चित्त्यातून निघून मागे उभ्या असलेल्या दुसऱ्यात शिरली. भारतातील अखेरच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोच्या जंगलात आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. बडोद्याजवळ कोयलीला जिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, त्या इंडियन ऑईल कंपनीने या कामासाठी ५० कोटींहून अधिक रुपये देण्याचा करार केला.

त्या दोन गोळ्या बनावटीने चांगल्याच होत्या. त्यांनी आपले काम चोख केले. उणीव होती ती गोळीत नव्हे, तर बंदुकीचा घोडा ओढण्याच्या निर्णयात. उत्तम गोळी वेदना कमी करील, विष टाळील, एका बारात काम संपवील. तिच्यासाठी मोजलेले जादा दाम वाया गेले असे म्हणता येत नाही. परंतु बार उडवावा की नाही हे मात्र कोणतीही गोळी सांगू शकत नाही. दुकानदार घेतो तो गोळीचा भाव. तिचे मोल ठरते ते ती सुटल्यानंतर, आणि तोळाभर धातूचे ते देणे कधीकधी पुढल्या पिढ्यांना फेडावे लागते.