आतड्याची सूज : पथ्य हवं, उपासमार नको

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळया ओढणाऱ्या कामगाराला शौचातून रक्त पडलं, की तो मूळव्याध समजून गप्प बसतो. पण रक्त-आव आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा चिवट आजारही असू शकतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. म्हणून आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून निदान आणि मगच पथ्य.

गैरसमज : तिखट खाल्ल्याने हा आजार होतो.
वस्तुस्थिती : यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ठेच्याने आजार जडत नाही. मात्र आजार उसळलेला असताना तिखटाने कळा आणि जळजळ वाढू शकते.

गैरसमज : भाकरी, भाजी, फळं कायमची बंद.
वस्तुस्थिती : त्रास जोरात असेल तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, शिजवून कुस्करलेला दुधी, अंडं, पिकलं केळं खावं. बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, शेंगदाणे तेवढे दिवस बाजूला ठेवावेत. सूज उतरली की एकेक पदार्थ परत सुरू करावा. क्रोन्समुळे आतडं अरुंद झालं असेल, तर चोथा अडकू शकतो. अशा वेळी जालन्याची मोसंबी फोडींऐवजी गाळलेल्या रसातून घ्यावी.

गैरसमज : दूध-दही वर्ज्य.
वस्तुस्थिती : दुधातली साखर पचत नसेल, तरच दूध टाळावं. ताक-दही बहुतेकांना सोसतं. स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांना तर कॅल्शियमची गरज जास्तच असते.

गैरसमज : पथ्य पाळलं की गोळ्या सोडता येतात.
वस्तुस्थिती : बरं वाटल्यावर आतड्याची सूज आवरणारं मेसालामिन हे औषध मनानेच बंद केलं, की आजार उलटण्याची भीती असते. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गैरसमज : पोट रिकामं ठेवलं की आतड्याला आराम मिळतो.
वस्तुस्थिती : कामाच्या पाळीत शौचाला उठावं लागू नये म्हणून अनेक जण उपाशीच कामाला जातात. रक्त आधीच जात असतं. त्यात उपासमार झाली, की वजन आणि हिमोग्लोबिन आणखी घसरतं. भट्टीजवळ घाम आणि जुलाब मिळून अंगातलं पाणी, मीठ झपाट्याने कमी होतं. डबा दोन-तीन वेळा थोडा थोडा खावा, ओआरएस जवळ ठेवावं. सुपरवायझरनेही अशा माणसाला शौचाला जाताना अडवू नये. ती मुभा मिळाली, तरच तो पोटभर जेवायला धजावेल.